काय दिवे लावणार?

पीएच.डी. करणाऱ्या माणसाला आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात. सुरुवातीला "करून काय करणार?" आणि पुढे जन्मभर "झाली का?" आमच्या विरारला रखडलेल्या बिल्डिंगीचीसुद्धा याहून आस्थेनं चौकशी होते, कारण तिथं विचारणाऱ्याचेही पैसे अडकलेले असतात. पीएच.डी.त विचारणाऱ्याचं काहीएक अडकलेलं नसतं. तो निव्वळ जाता जाता दुसऱ्याच्या जखमेवर बोट ठेवून बघतो, ओली आहे का सुकली म्हणून.

त्यातून पीएच.डी. माहिती तंत्रज्ञानातली असली, की तिसरा प्रश्न ठरलेला. "मग आमचा प्रिंटर बघतेस का गं जरा?"

माझी धाकटी बहीण हे सगळं गेली चार वर्षं ऐकते आहे. ती वसई पट्ट्यातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवते. नोकरी, दोन मुलं, सासूबाईंचा मधुमेह आणि विरार लोकल या चार विषयांत आधीच पारंगत असूनही ती पाचव्या विषयात डॉक्टरेट करते आहे. तळमजल्यावरचे काका मला एकदा जिन्यात थांबवून म्हणाले, "माहिती तर हल्ली मोबाइलवर फुकट मिळते. तुझ्या बहिणीला तिच्यासाठी सहा-सहा वर्षं कशाला लागतायत?" काकांना उत्तर देण्यात अर्थ नव्हता. त्यांना मोबाइलवर मिळालेल्या माहितीनुसार लसूण उशाशी ठेवला, की ब्लडप्रेशर उतरतं.

मी स्वतः बी.कॉम. माणूस. वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे काढली. संशोधनातलं मला फारसं कळतं असा माझा दावा नाही. पण खातं कुठं चुकलंय याचा वास मला येतो, आणि या पीएच.डी.च्या खात्यात मोठी गडबड आहे. गंमत अशी, की आरडाओरडा करणारे लोक भलत्याच पानावर बोट ठेवून आरडाओरडा करतायत.

ते भलतं पान म्हणजे चेष्टा. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पीएच.डी.च्या फेलोशिपचा विषय निघाला. तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी सभागृहातच सवाल केला, की पीएच.डी. करून ही मुलं काय दिवे लावणार? गदारोळ झाला, मथळे झाले, आणि आमच्या सोसायटीत निदान तीन घरांतून "बरोबर बोलले" असा अभिप्राय आला. त्याच महिन्याच्या २४ तारखेला सारथी, बार्टी आणि महाज्योती या तीन संस्थांच्या फेलोशिपसाठी परीक्षा झाली. पेपर हातात पडला आणि मुलांच्या लक्षात आलं, की हा तर २०१९ च्या सेट परीक्षेचा पेपर! मग १० जानेवारी २०२४ ला पुन्हा परीक्षा ठेवली. तेव्हा पाकिटं नीट सीलबंद नाहीत अशी तक्रार करून मुलांनी बहिष्कार टाकला. म्हणजे नवीन शोध लावायची लायकी तपासायची, आणि ती तपासायचा पेपर मात्र चार वर्षांचा शिळा. आता दिवे कुणी लावले नाहीत, हे कुणी कुणाला विचारायचं?

शिवाय दिवे लागलेत की! १९७३ साली कानपूरच्या आयआयटीत आर. एम. के. सिन्हा यांनी पीएच.डी. केली. विषय काय, तर देवनागरी अक्षरं यंत्राला वाचायला कशी शिकवावीत. त्या काळी कॉम्प्युटरला इंग्रजी एबीसीडी वाचतानाच घाम फुटत होता. त्याला 'क्ष' आणि 'ज्ञ' वाचायला बसवणं म्हणजे बालवाडीतल्या पोराला एकदम मोडी लिपी देणं. सिन्हांच्या शेजाऱ्यांनीही "करून काय करणार?" विचारलंच असणार. पण भारतीय लिप्यांवरचं काम कानपुरात वाढत गेलं. त्यातून जिस्ट नावाचं तंत्र निघालं, ते १९८८ साली निघालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये गेलं, आणि त्या वर्षीच्या इस्की या भारतीय प्रमाणावरूनच पुढे युनिकोडनं देवनागरीची मांडणी उचलली. म्हणून आज आमचे तळमजल्यावरचे काका पहाटे सहाला अख्ख्या सोसायटीला मराठीतून 'शुभ सकाळ' पाठवू शकतात. याचा दोष सिन्हांना देऊ नये. त्यांनी फक्त दिवा लावला. त्या उजेडात कुणी काय करावं, हे त्यांच्या हातात नव्हतं.

त्याच सी-डॅकचे पहिले प्रमुख विजय भटकर. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचा माणूस, १९७२ साली दिल्लीच्या आयआयटीतून पीएच.डी. झालेला. १९९१ साली त्यांच्या संस्थेनं परम ८००० हा महासंगणक उभा केला. यालाही जर दिवे म्हणायचं नसेल, तर मग महावितरणलाच विचारलेलं बरं.

एवढं सांगितलं, की चहाच्या टेबलावर कुणीतरी गूगल काढतोच. "अहो, त्या दोघांनी पीएच.डी. अर्धवट सोडली, म्हणून तर गूगल झालं!" अरे बाबा, सोडायला आधी धरावी लागते. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन हे स्टॅनफर्डला पीएच.डी.चेच विद्यार्थी होते. इंटरनेटवरचं कुठलं पान कुठल्या पानाकडे बोट दाखवतं, आणि त्यावरून पानाची पत कशी ठरवायची, हा प्रश्न त्यांना तिथं बसून सुचला. १९९८ साली कंपनी निघाली. पदवी सोडली, पण प्रश्न सोडला नाही. पत ठरवणं हा आमच्या बँकेचाही धंदा असल्यामुळे मला हे चटकन समजलं.

म्हणजे सगळी मेख प्रश्नात आहे. चांगला प्रश्न असेल तर पदवी मिळाली काय आणि राहिली काय, दिवा लागतो. आणि आपल्याकडची खरी गडबड इथंच आहे. आपण पोरांना पदवी करायला सांगतो आणि प्रश्न बाहेर ठेवून आत यायला सांगतो, देवळाबाहेर चपला ठेवतात तसा.

बहिणीचंच सांगतो. आमच्या काउंटरवर नंदाखाल, निर्मळ, भुईगाव या बाजूच्या वाड्यांतून म्हाताऱ्या बायका पासबुक घेऊन येतात. त्या कादोडी बोलतात. सामवेदी म्हणतात तीच ही बोली. आहे मराठीच्या घरातली, पण वसईबाहेरचा मराठी माणूस ऐकायला बसला तर त्याला दहातले चार शब्द लागतात आणि उरलेले सहा तो मान डोलावून भरून काढतो. हल्ली या आज्यांना सांगतात, की बँकेत यायची तसदी घेऊ नका, फोन करा. फोनवर यंत्र बोलतं. मराठीसाठी अमुक बटण दाबा म्हणतं. आजी बटण दाबते आणि तिच्या मराठीत बोलते. यंत्र म्हणतं, "माफ करा, मला समजलं नाही." आजी पुन्हा बोलते. यंत्र पुन्हा माफी मागतं. इतकी नम्रता आजीनं बँकेत कधी पाहिलेली नसते, त्यामुळे ती घाबरते आणि दुसऱ्या दिवशी बस पकडून माझ्यासमोर हजर होते. "त्या बाईला कानानं कमी ऐकू येतं काय रे?" असं मला एकीनं विचारलं होतं.

हे मी घरी जेवताना सांगितलं आणि बहिणीला तिचा विषय सापडला. कादोडी ऐकून समजणारं यंत्र करायचं. ती दुसऱ्या दिवशी उड्या मारत गाइडकडे गेली. गाइड भला माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि विचारलं, "डेटासेट कुठाय?"

"नाहीये सर. तोच तर करायचाय. वाड्यावाड्यांत जाऊन आवाज रेकॉर्ड करायचे, वाक्य न् वाक्य लिहून काढायचं."

"मॅडम, तीन वर्षं त्यातच जातील, आणि नुसत्या रेकॉर्डिंगला पेपर म्हणून कोण विचारणार? तयार डेटा घ्या. हार्ट घ्या."

हार्ट घ्या म्हणजे काय घ्या, हे मला तिनं रात्री समजावून सांगितलं. अमेरिकेत ओहायो राज्यात क्लीव्हलंड नावाचं शहर आहे. तिथं हृदय तपासून घेतलेल्या ३०३ माणसांची माहिती १९८८ साली कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठाच्या भांडारात जमा झाली. वय, छातीतलं दुखणं, कोलेस्टेरॉल असे माणशी चौदा रकाने. त्यातल्या सहा जणांचे काही रकाने कोरेच आहेत. आमच्याकडे असा फॉर्म आला तर आम्ही खिडकीतूनच परत देतो, पण विज्ञान उदार असतं. तेव्हापासून या ३०३ जणांना कुणी सुखानं राहू दिलेलं नाही. एक संशोधक येतो, त्यांची हृदयं एका पद्धतीनं तपासतो आणि जाहीर करतो, की शंभरातली पंच्याऐंशी बरोबर ओळखली. दुसरा येतो, दोन पद्धती एकत्र कालवतो आणि म्हणतो सत्त्याऐंशी. तिसरा वरून थोडी शेव भुरभुरतो आणि साडेसत्त्याऐंशी काढतो. या शेवटच्या अर्ध्या टक्क्याचं नाव पीएच.डी.

मी लगेच कॅल्क्युलेटर काढला. ३०३ चा अर्धा टक्का म्हणजे दीड माणूस. म्हणजे सहा वर्षं, दोन मुलांच्या परीक्षा आणि घराचा हप्ता सांभाळून माझी बहीण दीड अमेरिकन माणसाचं निदान करणार, आणि तेही त्याला न कळवता! इकडे विरार फास्टच्या दारात उभं राहून "बोरिवलीला उतरायचंय" असं म्हणणाऱ्या माणसाच्या छातीत त्या क्षणी काय होतं, याचा एक रकाना आजवर कुणी भरलेला नाही.

फुलांचंही तेच. आयरिस नावाच्या फुलांच्या तीन जाती, एकंदर दीडशे फुलं, आणि त्यांच्या पाकळ्यांची मापं. फिशर नावाच्या शास्त्रज्ञानं ती १९३६ साली छापली. वर्गात शिकवायला उत्तम, यात वाद नाही. पण ज्या वसईतून पहाटे मोगऱ्याच्या आणि चाफ्याच्या टोपल्या दादरच्या बाजाराला निघतात, त्या वसईतली पोरं वर्षानुवर्षं आयरिसच्या पाकळ्या मोजतायत. त्यांच्यातल्या एकानंही आयरिस पाहिलेलं नाही. मोगरा बिचारा त्यांच्याच डब्यातून जातो.

तयार डेटा वापरूच नये असं मी म्हणत नाही. तराजू तपासायला प्रमाणित वजनं लागतातच. पण दुकानदार जन्मभर वजनंच तोलत बसला, तर बटाटे कधी विकणार?

आता यात गाइडचा दोष किती? फार नाही. त्यांनाही घड्याळ आहे. २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं. बायकांना त्यावर दोन वर्षं वाढवून मिळू शकतात आणि बाळंतपणाची २४० दिवसांची रजाही आहे, हे चांगलं आहे. पण बढतीचं चक्र वेगळंच फिरतं. एआयसीटीईच्या २०१९ च्या नियमांत इंजिनीअरिंग कॉलेजात असोसिएट प्रोफेसर व्हायला पीएच.डी. लागते आणि वर छापलेले पेपर लागतात. म्हणजे बढतीला पदवी, पदवीला पेपर, पेपरला डेटा, आणि डेटा जमवायला वेळ नाही. म्हणून चलो क्लीव्हलंड.

आणि पेपर हवेत म्हटल्यावर ते छापणारे आलेच. बहिणीच्या मेलवर रोज पत्र असतं. "आदरणीय विद्वान महोदय, आपला अमूल्य लेख तीन दिवसांत छापून मिळेल." महोदय! आमच्या स्टेशनजवळचा प्रेसवाला साधी लग्नपत्रिका छापायला आठ दिवस लावतो, आणि त्यातही वधूचं नाव चुकवतो. इथं तीन दिवसांत विद्वत्ता तपासून, छापून, घरपोच. फक्त फी आगाऊ.

ही तपासणी कशी असते, ते जगानं पाहिलेलं आहे. २००५ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी एक प्रोग्राम लिहिला. तो कॉम्प्युटरशास्त्रावरचे भारदस्त दिसणारे आणि काडीचाही अर्थ नसलेले निबंध आपोआप तयार करायचा. त्यातला एक निबंध त्यांनी एका परिषदेला पाठवला, आणि तो स्वीकारला गेला. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकानं मुद्दाम चुका भरलेला एक बनावट लेख ३०४ नियतकालिकांकडे धाडला. १५७ जणांनी तो स्वीकारला. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगानं मान्य नियतकालिकांची यादी केली, आणि मे २०१८ मध्ये तिच्यातली ४,३०५ नावं एका झटक्यात काढून टाकली. मग केअर नावाची नवी यादी आली. तीही २०२५ साली बंद झाली. याद्या येतात, याद्या जातात, पेपर छापले जातात. २०२२ साली आयोगानं पीएच.डी.साठी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती उठवली, ते चांगलंच केलं. पण बढतीच्या फॉर्मवरचा पेपरांचा रकाना कुणी हलवलेला नाही. पुढच्या दारानं घालवलेला पाहुणा मागच्या दारानं येऊन पानावर बसलाय.

यावर साहेब लोकांचं एक म्हणणं असतं आणि ते अगदीच खोटं नाही. ते म्हणतात, मोजलं नाही तर कामच होणार नाही. मान्य. मी बँकेतला माणूस, सख्ख्या भावाकडून आलेलं बंडलसुद्धा मोजल्याशिवाय घेत नाही. पण महाराज, आम्ही नोटा नुसत्या मोजत नाही, उजेडात धरूनही बघतो. शंभर खोट्या नोटांचं बंडल मोजणीत बरोबर शंभरच भरतं. तुम्ही गेली कित्येक वर्षं नुसती मोजणी करताय आणि 'टॅली झालं' म्हणून घरी जाताय.

बरं, प्रश्नांचा तुटवडा आहे म्हणावं, तर तेही नाही. २०१७ साली मुंबई विद्यापीठानं उत्तरपत्रिका कॉम्प्युटरवर तपासायला घेतल्या. निकाल महिनोन् महिने लटकले, वसई-विरारच्या पोरांचे पुढचे प्रवेश अडकले, आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना जावं लागलं. माहिती तंत्रज्ञानाचा याहून सुंदर प्रश्न विद्यापीठाच्या दाराशी स्वतःच्या पायानं चालत कधी आला होता? २०१८ च्या जुलैत पाऊस लागला तेव्हा वसई-विरार पाण्यात गेलं आणि लोकल बंद पडल्या. किती पावसात कुठला नाला आधी भरतो, हे आमचा रिक्षावाला तोंडानं सांगतो. ते यंत्राला सांगता येईल का, हा प्रश्न क्लीव्हलंडच्या दीड माणसापेक्षा मला तरी निकडीचा वाटतो.

आणि आपली माणसं असं काम करू शकत नाहीत, असंही नाही. २०२१ साली पुण्यातल्या इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या मार्गदर्शकांनी मराठीतली सुमारे १६ हजार ट्वीट्स जमवली. त्यांतलं कुठलं कौतुकाचं, कुठलं रागाचं आणि कुठलं ना इकडचं ना तिकडचं, हे माणसांनी वाचून खुणा केल्या. मराठी माणसाचं बोलणं कौतुकाचं आहे की टोमणा आहे, हे ठरवणं किती अवघड असतं, ते सासर-माहेर असलेल्या कुणालाही विचारा. पण त्यांनी ते केलं आणि सगळ्यांना वापरायला खुलं ठेवलं. आता जगात कुणालाही मराठीवर काम करायचं असेल तर पायाखाली निदान एक फळी आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जो कुणी नवा डेटा तयार करील, म्हणजे बोलीचा, नाल्यांचा, सातबाऱ्याच्या जुन्या कागदांचा, तो नीट तपासून खुला करील, त्याचं ते काम पेपराइतकंच, किंबहुना चार पेपरांइतकं, बढतीत धरा. ते करणाऱ्या मास्तराचे आठवड्याचे चार तास कमी करा. आणि व्हायवाला बसलेल्या परीक्षकांनी टक्केवारी विचारायच्या आधी एवढंच विचारावं, की बाई, हा प्रश्न तुम्हाला कुठं भेटला? ज्याला तो खरोखर भेटलेला असेल, तो अर्धा तास थांबणार नाही. ज्याला भेटलेला नसेल, तो पंखा मोठा करायला सांगेल.

यात घाई करण्याचं कारण आहे. क्लीव्हलंडचे ३०३ लोक कुठं जात नाहीत. ते १९८८ पासून त्या भांडारात ठाण मांडून बसलेत आणि पुढची पन्नास वर्षंही बसतील. वाड्यांतल्या आज्यांचं तसं नाही. त्यांच्या नातवंडांना कादोडी समजते, पण ती उत्तर देतात साध्या मराठीत, नाहीतर इंग्रजीत. माझी बहीण आठवडाभर हार्ट करते आणि रविवारी दुपारी स्कूटर काढून वाड्यांत जाते. ओट्यावर बसते, मोबाइल मधे ठेवते आणि आज्यांना बोलतं करते. लग्नाचं, भातलावणीचं, पुराचं, सुनांचं. सुनांवर रेकॉर्डिंग सर्वांत लांब चालतं. आतापर्यंत तिच्याकडे चौतीस आज्यांचे आवाज जमलेत. कुठल्याही फॉर्मवर त्यांना रकाना नाही. त्यातल्या दोन आज्या आता फक्त त्या मोबाइलमध्येच आहेत.

तेव्हा काय दिवे लावणार, असं विचारणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की पोरं काडी ओढून उभी आहेत. तुम्ही त्यांना आधी काडीपेट्यांची संख्या भरून द्यायला सांगताय आणि तोवर वारा सुटलाय.

नियम बदलतील तेव्हा बदलतील. तुम्ही-आम्ही तोवर एक गोष्ट करू शकतो. विरार फास्टमध्ये मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली कुणी मास्तरीण भेटली, तर "झाली का?" विचारू नका. "विषय काय आहे?" विचारा. आणि ती सांगायला लागली, की वसई येईपर्यंत ऐकून घ्या. प्रिंटरचं नंतर बघू.